क्रॉकरने उडी मारलीच नव्हती

मंडळी, आजचा विषय लंडनमधल्या एका दारूच्या गुत्त्याचा आहे. ‘सर, आता या वयात?’ असं कुणी विचारायच्या आत सांगून टाकतो, की मी आजवर चहाच्या पुढे गेलेलो नाही आणि आता जाण्याचा विचारही नाही. पण इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला गोष्ट कुठं सापडेल याचा नेम नसतो. ही गोष्ट एका देखण्या पबची, त्याच्या चुकलेल्या जागेची आणि त्याच्या मालकाची.

लॉर्ड्सचं मैदान आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. १९८३ चा विश्वचषक तिथलाच. आपल्या दिलीप वेंगसरकरांनी १९७९, १९८२ आणि १९८६ अशा तीन दौऱ्यांत तीन कसोटी शतकं ठोकली, तीही तिथंच. या मैदानापासून पाच-सात मिनिटं चालत गेलं की अ‍ॅबर्डीन प्लेस नावाचा एक शांत रस्ता लागतो. हा काही हमरस्ता नाही. मुद्दाम वाट वाकडी केल्याशिवाय त्या बाजूला कुणी फिरकायचं कारण नाही. या रस्त्याखालून रीजंट्स कॅनॉलचा बोगदा जातो, म्हणजे इथं पाण्याचीसुद्धा वाहतूक डोळ्याआड! अशा आडबाजूच्या कोपऱ्यावर १८९८ साली फ्रँक क्रॉकर नावाच्या गृहस्थानं एक पब बांधला. नाव ठेवलं ‘क्राउन’. वास्तुविशारद होते चार्ल्स वर्ली.

माझी भाची लंडनला असते. तिनं तिथले फोटो पाठवले तेव्हा मला आधी एखाद्या संस्थानिकाचा दिवाणखानाच वाटला. संगमरवराचा बार, संगमरवराची भली मोठी शेकोटी, खांबही संगमरवरी. निरनिराळ्या पन्नास प्रकारचा संगमरवर वापरलाय असं सांगतात. छतावर नक्षीदार गिलावा, त्यावर सोनेरी रंग, कोरीव लाकूडकाम, झुंबरं. आपल्याकडे गुत्ता म्हटलं की डोळ्यांसमोर मिणमिणता दिवा आणि अर्धा पडदा येतो. इथं तर सगळा राजेशाही थाट.

फोटोंसोबत भाचीनं गोष्टही लिहून पाठवली होती. तिच्या ऑफिसातल्या कुणी तरी तिला सांगितलेली. वर शेवटी, ‘मामा, ही तुमच्या वर्गात सांगायची गोष्ट आहे!’

गोष्ट अशी. त्या काळात लंडनमध्ये ग्रेट सेंट्रल रेल्वेचं नवं स्थानक व्हायचं होतं. क्रॉकरला कुठून तरी आतली बातमी लागली, की स्थानक अ‍ॅबर्डीन प्लेसच्या समोरच होणार. त्यानं मनात हिशेब केला. रोज हजारो उतारू उतरणार, दमलेले, तहानलेले. समोरच आपलं दार. मग होतं-नव्हतं ते सगळं घालून त्यानं हा महाल उभा केला. आणि स्थानक झालं ते तिथून किलोमीटरभर लांब, मॅरिलेबोनला! गिऱ्हाईक फिरकेना, कर्ज फिटेना, शेवटी एके दिवशी क्रॉकरनं आपल्याच पबच्या वरच्या खिडकीतून खाली उडी घेतली. त्याचं भूत अजून तिथं फिरतं, असंही जोडून सांगतात. लोक पबला ‘क्रॉकर्स फॉली’ म्हणू लागले, म्हणजे क्रॉकरचा वेडेपणा.

गोष्ट झकास आहे, यात शंका नाही. लोभ आहे, फजिती आहे, शिक्षा आहे आणि शेवटी तात्पर्यही. इसापानं पब पाहिला असता तर त्यानं हीच गोष्ट लिहिली असती.

पण माझी एक जुनी सवय आहे. गोष्ट फार गोळीबंद वाटली की मी सालं मांडून बघतो. वर्गात फळ्यावर दोन रकाने करायचो. एकात ‘काय म्हणतात’, दुसऱ्यात ‘कधी घडलं’. पुष्कळ गोष्टी या दुसऱ्या रकान्यातच अडकून पडतात. ही पण तिथंच अडकली.

आधी रेल्वेचं बघू. या मार्गाच्या मागं होते सर एडवर्ड वॉटकिन. अचाट माणूस! मँचेस्टरहून गाडी निघावी, लंडन ओलांडून पुढं इंग्लिश खाडीच्या खालून बोगद्यानं थेट पॅरिसला जावी, असं त्यांचं स्वप्न. आणि हे एकोणिसाव्या शतकात. त्यांच्या लंडनपर्यंतच्या मार्गाचं विधेयक १८९१ साली पार्लमेंटात एकदा फेटाळलं गेलं. विरोध करणाऱ्यांत लॉर्ड्सचं मैदान ज्याचं आहे तो क्रिकेट क्लब होता, आणि सेंट जॉन्स वुड भागात राहणारे चित्रकारही होते. रेल्वे आली की धूर येणार, शांतता जाणार, ही तक्रार. शेवटी १८९३ साली मंजुरी मिळाली.

क्लबाशी तडजोड कशी झाली तेही ऐकण्यासारखं आहे. रेल्वेनं मुख्य मैदानाला हात लावायचा नाही, सरावाच्या मैदानाखालून बोगदा न्यायचा, आणि क्लबाला बदल्यात शेजारच्या एका अनाथ मुलांच्या शाळेची जागा द्यायची. १८९६ चा क्रिकेटचा मोसम संपल्यावर सरावाचं मैदान उकरलं, बोगदा बांधला, वर पुन्हा माती-हिरवळ टाकली आणि १८९७ च्या मोसमाला मैदान तयार ठेवलं. आमच्या गावात रस्ता उकरला की तीन पावसाळे तसाच असतो, म्हणून ही गोष्ट मला विशेष वाटते.

आता विचार करा. स्थानक कुठं होणार हे १८९३ साली कायद्यानं ठरलेलं. १८९६-९७ मध्ये क्रॉकरच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर बोगद्याचं काम. मॅरिलेबोनला तर स्थानकासाठी घरंच्या घरं, चौकच्या चौक पाडले गेले, माणसं विस्थापित झाली. अख्ख्या परिसराच्या तोंडी दुसरा विषय नसणार. आणि १८९८ साली, म्हणजे मंजुरीनंतर पाच वर्षांनी, याच परिसरात पब बांधणाऱ्या माणसाला स्थानकाची जागा तेवढी ठाऊक नव्हती? स्थानक उघडलं मार्च १८९९ मध्ये. पब बांधून होत होता तेव्हा स्थानकाच्या भिंतीही उभ्या होत्या. मुद्दाम डोळे मिटून घेतले असते तरच ते कळलं नसतं.

आणि ती उडी? फ्रँक क्रॉकर वारला १९०४ साली, नैसर्गिक कारणानं. वय अवघं एक्केचाळीस. अकाली मृत्यू म्हणता येईल, आत्महत्या नाही.

मग प्रश्न उरतो, की स्थानकाची आशा नव्हती तर या माणसानं असल्या आडबाजूला एवढा खर्च केला कशाला?

याचं उत्तर त्या काळातल्या धंद्यात आहे. १८९० नंतरची पाच-सात वर्षं लंडनमध्ये पबची मोठी तेजी होती. नवे परवाने सहज मिळत नसत. दारूबंदीवाल्यांचा जोर होता, न्यायाधीश परवाने देताना हात आखडता घेत. त्यामुळे ज्याच्याकडे परवाना आहे त्या जागेला सोन्याचा भाव. बीअर गाळणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या पबमालकांना सढळ हातानं कर्ज देत, अट एकच, की माल आमचाच विकायचा. आज जागा घ्यायची, उद्या ती सजवायची, परवा नफ्यात विकायची, असा खेळ चालला होता. मग शेजारच्यानं आरसे लावले की आपण संगमरवर लावायचा! लंडनचे कितीतरी झगमगीत पब याच काळातले आहेत. १८९९ च्या सुमारास हा फुगा फुटला आणि पुष्कळजण बुडाले. त्यात हमरस्त्यावरचे होते आणि स्थानकाजवळचेही.

तेव्हा क्रॉकरनं जे केलं ते त्याच्या धंद्यातली बरीच माणसं करत होती. शिवाय आजूबाजूला सेंट जॉन्स वुड आणि मेडा व्हेलची खाऊनपिऊन सुखी वस्ती, उन्हाळ्यात लॉर्ड्सची गर्दी. आगगाडीतल्या उतारूला दोन मिनिटांत एक पेला रिचवून पळायचं असतं, त्याला पन्नास प्रकारचा संगमरवर कशाला दाखवायचा? असा दिवाणखाना थाटतात तो निवांत बसणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी. हा माझा तर्क आहे, पण इमारतीकडे बघून तो मला पटतो.

आता घटकाभर समजा, क्रॉकरला खरंच स्थानक मिळालं असतं. काय झालं असतं?

मॅरिलेबोन हे लंडनच्या मोठ्या स्थानकांतलं सगळ्यात शेवटी आलेलं आणि बराच काळ कमी गर्दीचं राहिलेलं. आराखड्यात दहा फलाट होते, बांधून झाले चार. रेल्वेचे पैसे एवढे संपले होते, की समोरचं आलिशान हॉटेलसुद्धा तिला स्वतः बांधता आलं नाही, ते सर ब्लंडेल मेपल या फर्निचरच्या बड्या व्यापाऱ्यानं पुरं केलं. उत्तरेला जाणारे लोक आपल्या जुन्या सवयीच्या स्थानकांवरूनच जात राहिले. १९६६ साली तर त्या लांबच्या मार्गाचा बराचसा भाग बंदच करून टाकला. १९८० नंतर खुद्द मॅरिलेबोन स्थानक बंद करायचा घाट घातला होता, ते कसंबसं वाचलं. म्हणजे ज्या जागेची हुलकावणी क्रॉकरला मिळाली म्हणतात, ती जागाच मुळात काही सोन्याची खाण नव्हती.

आणखी एक गंमत बघा. रेल्वे क्रॉकरच्या पबाजवळ खरोखरच आली होती! जवळच्याच लिसन ग्रोव्हच्या बाजूला मॅरिलेबोनचा मालधक्का होता. माणसं उतरली किलोमीटरभर लांब, कोळसा आणि माल उतरला इथं जवळ. ‘रेल्वे येणार’ ही बातमी खरी, ‘उतारू येणार’ हे खोटं. दंतकथेचं मूळ कदाचित इथंच कुठंतरी असेल.

मग वाईट जागेचा या पबवर परिणाम झालाच नाही का? झाला. पण तो गोष्टीतल्यासारखा एका रात्रीत नाही, शंभर वर्षांत झाला. वर्दळीचा रस्ता नाही, स्थानक नाही, त्यामुळे पब राहिला तो आळीतल्या लोकांचा. एवढा थाट आणि गिऱ्हाईक मात्र ओळखीचंच. अशी जागा मालकाला कधी गब्बर करत नाही. पण मला वाटतं, याच कारणानं तो दिवाणखाना जसाच्या तसा उरला. गर्दीच्या नाक्यावरचं दुकान दर दहा वर्षांनी नवं रूप घेतं. आपल्याकडेही बघा, जुनी कोरीव दारं, सागवानी तुळया कुठं राहिल्या? बाजारपेठेत नाही, मागच्या आळीत राहिल्या. जिथं पैसा वेगानं खेळत नाही तिथं जुनं मोडायलाही कुणी धजत नाही.

१९८७ साली पबच्या पाटीवर अधिकृतपणे ‘क्रॉकर्स फॉली’ हे नाव चढलं. क्रॉकरला जाऊन तेव्हा त्र्याऐंशी वर्षं झाली होती. म्हणजे ज्या अपयशाची गोष्ट, तीच आता जाहिरात! आडबाजूच्या पबला शोधत यायला लोकांना काहीतरी निमित्त हवं, ते या गोष्टीनं दिलं. तरीही २००४ साली पब बंद पडला आणि दहा वर्षं कुलूपबंद राहिला. पुढं लेबनीज खाद्यगृहं चालवणाऱ्या एका व्यवसायानं तो घेतला, सगळी सजावट निगुतीनं दुरुस्त केली आणि २०१४ मध्ये दारं पुन्हा उघडली. पाटीवरचं नाव तेच ठेवलं. बदनामीला बाजारात किंमत असते हे मेलेल्या माणसाला कोण सांगणार?

क्रॉकरची गोष्ट वाचताना मला सारखं वाटत होतं, हे आधी कुठंतरी ऐकलंय. मग आठवलं. आपल्या मुंबईचं ताजमहाल हॉटेल! लहानपणापासून ऐकत आलोय, की ताज उलटं बांधलं गेलं, तोंड समुद्राकडे हवं होतं ते गावाकडे झालं, आणि परदेशाहून परतलेल्या वास्तुविशारदानं ते पाहून तिथूनच उडी मारली. खरं काय? ताजचा मूळ आराखडा एका मराठी माणसाचा, रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांचा, सोबत डी. एन. मिर्झा. काम चालू असतानाच वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनियरानं ते पुरं केलं. १९०३ साली हॉटेल उघडलं. जुना दरवाजा गावाच्या बाजूला होता तो मुद्दामच. घोडागाड्या तिकडून येणार, आणि समुद्राकडची बाजू खोल्यांसाठी मोकळी राहणार. चूक नाही, उडी नाही. पण आज शंभर माणसांना विचारा, उडी नव्वदांना ठाऊक असेल, वैद्यांचं नाव दहांनाही नसेल. याचं मला खरंच वाईट वाटतं.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरातही हीच कथा आहे. तिथलं केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालय १९०१ साली उघडलं. ते पण म्हणे उलटं बांधलं आणि वास्तुविशारदानं मनोऱ्यावरून उडी मारली. त्याच्या दोन वास्तुविशारदांपैकी सर जॉन सिम्प्सन १९३३ पर्यंत चांगले हयात होते, आणि लंडनचं वेम्ब्लीचं जुनं प्रसिद्ध स्टेडियम उभारणाऱ्यांतही होते! ते १९२३ साली उघडलं.

वेम्ब्लीचं नाव निघालंच आहे तर सांगतो. स्टेडियम झालं त्याच जागी पूर्वी एक मनोरा उभा राहत होता. आयफेल टॉवरपेक्षा उंच करायचा होता. पहिला मजला झाला, लोकांसाठी उघडलाही, पण पाया खचू लागला, पैसे संपले, आणि १९०७ साली अर्धवट मनोरा पाडून टाकला. हा उद्योग कुणाचा? आपल्या त्याच सर एडवर्ड वॉटकिन यांचा! यालाही लोक ‘वॉटकिन्स फॉली’ म्हणाले. जागा चुकलेली, हिशेब चुकलेला, सगळं कागदोपत्री सिद्ध. पण वॉटकिननं मनोऱ्यावरून उडी मारली असं मात्र कुणी कधी रचलं नाही. ते सर होते, रेल्वेचे अध्यक्ष होते, पार्लमेंटचे सभासद राहिलेले. त्यांच्या चुकीला लोक ‘भव्य स्वप्न’ म्हणतात. पबवाल्याच्या नुसत्या धाडसाला खिडकीतून ढकलून देतात.

मला बोचते ती हीच गोष्ट.

आमच्या तालुक्याच्या गावी, नाव सांगत नाही, एका गृहस्थानं लॉजिंग-बोर्डिंग काढलं होतं. नवा एस. टी. स्टँड तिकडं होणार अशी वदंता होती. तो झाला नाही. धंदा बेताचा चालला, पण चालला. माणूस कष्टाळू, कर्ज हप्त्याहप्त्यानं फेडलं. पुढं काही वर्षांनी हृदयविकारानं गेला. महिनाभरात गावात सुरू, ‘स्टँडनं मारला हो त्याला, औषध घेतलं म्हणे’. त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता, आठवीत. एकदा मधल्या सुट्टीत एका पोरानं हे त्याच्या तोंडावर म्हटलं. तो रडला नाही, मारामारी केली नाही. नुसता म्हणाला, “दवाखान्यात मी होतो त्यांच्याजवळ.” मग डबा बंद करून बाकावर बसून राहिला.

त्या दिवशी पुढच्या तासाला मी पानिपत शिकवणार होतो. ते बाजूला ठेवून मी फळ्यावर ते दोन रकाने काढले, ‘काय म्हणतात’ आणि ‘कधी घडलं’. कुणाचं नाव घेतलं नाही. पोरांना कळायचं ते कळलं.

एखाद्याचा धंदा बसला की लोकांना नुसतं बसणं पुरत नाही. दहा-वीस वर्षं हळूहळू झिजत जाणारा तोटा ऐकायला कंटाळवाणा असतो. कर्जाचे हप्ते, रिकाम्या खुर्च्या, संध्याकाळी मोजलेला गल्ला, यात गोष्ट काय सांगणार? म्हणून लोक त्याला एक खिडकी देतात आणि एक उडी देतात. शिवाय त्यात ऐकणाऱ्याला एक समाधान असतं, की तो मूर्ख होता, आपण नाही. आपण एवढा मोठा डाव लावलाच नाही, हे तेवढ्यापुरतं शहाणपण वाटू लागतं.

तेव्हा लंडनला तुमचं कुणी असेल, कधी लॉर्ड्स बघायला गेलात, तर पाच मिनिटं वाट वाकडी करून अ‍ॅबर्डीन प्लेसला जा. पिणं न पिणं ज्याचा त्याचा प्रश्न, इमारत बाहेरून बघायला पैसे पडत नाहीत. कुणी वरची खिडकी दाखवून गोष्ट सांगू लागला तर ऐकून घ्या, गोष्ट छानच आहे. मग एवढंच सांगा, की स्थानक १८९३ लाच ठरलं होतं, आणि फ्रँक क्रॉकर १९०४ साली आपल्या मरणानं गेला.

तुमच्या गावातही अशी एखादी उडी सांगितली जात असेल, तर जरूर कळवा. सालं आपण मिळून बघू.